अब्बांच्या डोक्याची प्लेट

२५ डिसेंबर २०१९ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. आमच्या मिरजेत ते खंडग्रास दिसणार होतं. माझा भाचा अयान धावत घरी आला. "फुप्पो, एक्स-रे की पलेट है क्या घर में? ग्रहन देखने का है."

होती. कपाटाच्या खालच्या खणात, खाकी पाकिटात, वीजबिलांच्या खाली. मी ती काढून ट्यूबलाइटसमोर धरली. काळ्या निळसर फिल्मवर एका बाजूने घेतलेली कवटी. डोळ्याची खोबण, जबड्याची रेघ, मागे गोल कपाळपट्टीसारखं पांढरं हाड. ही अब्बांच्या डोक्याची प्लेट.

अयानला मी ती दिली नाही. एक कारण त्याला सांगितलं, की अशा प्लेटीतून सूर्याकडे पाहू नये. प्लेट प्रकाश अंधूक करते, त्यामुळे डोळे दिपत नाहीत आणि आपल्याला वाटतं की आपण सुरक्षित आहोत. पण न दिसणारे किरण त्यातून आत जातातच. डोळ्याच्या पडद्याला दुखण्याची जाणीव नसते, म्हणून तो भाजतो तेव्हा कळतही नाही. मग आम्ही पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडलं आणि सकाळी गच्चीवर भिंतीवर पडलेली सूर्याची चंद्रकोर पाहिली.

दुसरं कारण त्याला सांगितलं नाही. या प्लेटीवर मी एकदा असाच विश्वास ठेवला होता. ते आज लिहिते आहे.

अब्बा तंबोरे बनवायचे. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. अब्बांचं स्वतःचं दुकान नव्हतं, दुसऱ्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळलेले मोठे भोपळे यायचे. ते निवडणं, कापणं, तबली बसवणं ही कामं ते तरुणपणी करत. उतारवयात त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, पण ते सगळ्यात नाजूक. जवारी लावण्याचं. घोडीचा माथा कानसेनं किंचित घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. एका क्षणी आवाज उमलतो आणि तार एकटी वाजत नाही, तिच्यातून सगळे स्वर बाहेर येतात. त्याला "जवारी खुलली" म्हणतात. तेव्हा अब्बा मान डोलवायचे, बोलायचे काही नाही.

२०१६ चा नोव्हेंबर. नोटाबंदी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. फजरच्या वुझूसाठी अब्बा उठले आणि मोरीजवळच्या ओल्या फरशीवर घसरले. वय ७३. डोक्याची उजवी बाजू कट्ट्यावर आपटली. अम्मी आवाज ऐकून उठली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. कानाच्या वर टेंगूळ आलं होतं, रक्त अगदी थोडं होतं. भाईचा मला फोन आला. माझं सासर दोन गल्ल्या सोडून आहे. मी पोहोचले तोवर अब्बा चहा पीत होते.

आम्ही त्यांना जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, नम्र होते. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली, हातपाय उचलायला सांगितले, मग विचारलं, "पडल्यावर बेशुद्ध झाले होते का?"

प्रश्न अब्बांना होता, उत्तर मी दिलं. "नाही डॉक्टर, नाही."

"काही गोळ्या चालू आहेत?"

"बीपीची आहे," मी म्हणाले.

त्यांनी दोन एक्स-रे काढायला लावले, एक समोरून, एक बाजूने. ओल्या फिल्मा खिडकीशी धरून बघितल्या आणि म्हणाले, "फ्रॅक्चर दिसत नाही. प्लेट नॉर्मल आहे. तरी वय बघता सीटी करून घेतला तर बरं."

मी विचारलं, "करायलाच पाहिजे का?"

ते क्षणभर थांबले. "प्लेट तर नॉर्मल आहे. डोकं दुखलं, उलटी झाली तर लगेच आणा."

आता मी जे करते आहे ते मुलांना निबंधात करायला सांगते: खरं लिहा. सीटीचे अडीच हजार रोख लागणार होते. घरात होत्या त्या जुन्या पाचशेच्या नोटा. एटीएमसमोर रांगा. भाई म्हणाला असता तर कुठून तरी उभे केले असते. पण त्याच दिवशी माझ्या शाळेत तपासणीसाठी साहेब येणार होते. साडेदहाला मला वर्गात उभं राहायचं होतं, आणि डॉक्टर "नॉर्मल" म्हणाले होते. त्या एका शब्दावर मी शाळेत गेले. गाडीवर जाताना मनात अल्लाहचे आभार मानले. दुपारी सहशिक्षिकांना सांगितलंही, "डोक्याचा फोटो काढला, काही नाही निघालं."

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुलांची घरची बोली दखनी, शाळेचं माध्यम उर्दू आणि मराठी माझ्या तासाला. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना शब्द कसे फसवतात, हे समजावण्यात माझी वीस वर्षं गेली. आणि मीच फसले ती "डोकं" या शब्दावर. उर्दूत सर वेगळं, दिमाग वेगळा. मराठीत डोकं दुखतं तेही डोकंच आणि गणितात चालत नाही तेही डोकंच. "त्याला डोकं नाही" म्हणताना आपण कवटीबद्दल बोलत नसतो. म्हणून "डोक्याचा एक्स-रे" म्हटलं की आपल्याला वाटतं, आतलं सगळं दिसलं. दिसलेली असते फक्त कवटी.

हे मला नंतर कळलं. तेव्हा पाच आठवडे गेले.

पहिले दोन आठवडे अब्बा ठीक होते. टेंगूळ उतरलं. कारखान्यात जायला लागले. मग अम्मी म्हणू लागली की दुपारी फार झोपतात. डोकं दुखतं म्हणत, पण थंडीचे दिवस, मफलर बांधून बसत. डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटायची. एकदा त्यांनी मला माझ्या फुप्पीच्या नावाने हाक मारली. इशाच्या नमाजात किती रकाती झाल्या ते विसरले आणि सलाम फेरून तसेच बसून राहिले. भाई म्हणाला, वय झालं. शेजारच्या खालांनी नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरवल्या, ताविजाचंही सुचवलं. मला काळजी वाटायची तेव्हा अम्मीच मला समजवायची, "पलेट में कुच नइं आया बोले ना डाक्टर? फिर कायकू रोती?"

आणि मीही ती प्लेट स्वतःला दाखवत राहिले. शेजारच्या खालांचं मीठ आणि माझी प्लेट यात त्या दिवसांत फारसा फरक नव्हता. दोन्ही गोष्टी आम्हाला पुढचा प्रश्न विचारण्यापासून वाचवत होत्या.

खरं ओळखलं ते अब्बांच्या एका जुन्या जोडीदाराने. अब्बांहून दहा वर्षांनी लहान, चौथीपर्यंत शिकलेला कारागीर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो घरी आला आणि भाईला बाहेर बोलावून म्हणाला, "चाचांनी तीन दिवसांत एक जवारी लावली नाही. घासतात, घासतात, घोडी खराब करतात. त्यांना ऐकू येतंय, पण हात त्यांचं ऐकत नाही. डावा हात. हे म्हातारपण नाही, दुसरं काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिले दोन प्रश्न तेच विचारले. या वेळी त्यांनी मला हाताने थांबवलं आणि अब्बांना विचारलं, "बाबा, तुम्ही पडलात ते आठवतं का?"

अब्बा म्हणाले, "मोरीकडे चाललो होतो ते आठवतं. मग भिंतीला टेकून बसलो होतो. मधलं नाही आठवत."

मधलं नाही आठवत. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बेशुद्ध नव्हते, असं मी सांगितलं होतं, कारण मी पोहोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. गोळ्यांच्या पुड्या बाईंनी पिशवीतून टेबलावर ओतायला लावल्या. बीपीच्या गोळीबरोबर एक छोटी गोळी होती, तीन वर्षांपूर्वी हृदयासाठी सुरू केलेली ॲस्पिरिन. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी. आम्ही सगळ्याच गोळ्यांना "बीपीच्या" म्हणायचो.

अर्ध्या तासात सीटी झाला. बाईंनी मला पडद्यावर दाखवलं. मेंदूच्या उजव्या बाजूला, हाडाच्या आतून, एक करडी चंद्रकोर होती. ईदच्या चांदासारखीच, जरा जाड. तिच्या दाबाने मेंदूची मधली रेघ डावीकडे सरकली होती. उजव्या बाजूचा मेंदू डावा हात चालवतो, म्हणून डावा हात ऐकत नव्हता.

बाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि त्यावरचं जाड आवरण यांच्यात जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही एखादी तुटते. त्यातून रक्त थेंबाथेंबाने गळतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. आधी काही जाणवत नाही, कारण आकसलेल्या मेंदूभोवती जागा असते. दोन-चार आठवड्यांनी त्या रक्ताचं काळपट पाणी होतं, ते वाढतं आणि मग मेंदूवर दाब येतो. हाड मात्र पहिल्या दिवसापासून धडधाकट असतं.

मी पिशवीतून प्लेट काढली. "पण यात नॉर्मल होतं."

त्यांनी ती लाइटबॉक्सवर लावून नीट पाहिली. म्हणाल्या, "यात आजही नॉर्मलच आहे. प्लेट खोटी नाही. तुम्ही तिला जे विचारलं ते तिला माहीतच नव्हतं."

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. कवटीला दोन छोटी भोकं पाडून ते पाणी काढलं. गाडीच्या जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट, असं नंतर सांगितलं. दोन दिवस नळी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

त्यानंतर मी वाचत गेले. आपल्याला ज्याने फसवलं त्याचा इतिहास काढायची सवय शिक्षकाला असतेच. पण वाचता वाचता लक्षात आलं की कवटीचा एक्स-रे ही फसवणारी चीज नव्हे. एके काळी तो मोठा चमत्कार होता.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावात विल्हेल्म राँटगेन यांना एक अनोळखी किरण सापडला. काय आहे ते माहीत नाही म्हणून नाव दिलं एक्स. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसते. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. गल्लीबोळातल्या दवाखान्यातही हे यंत्र आलं, त्यात त्या निर्णयाचाही वाटा आहे.

डोक्याची चित्रं वाचण्याचं शास्त्र उभं केलं ते व्हिएन्नाच्या आर्थर शुलर यांनी. १९०५ मध्ये कवटीच्या तळाच्या चित्रांवर आणि १९१२ मध्ये डोक्याच्या आजारांच्या क्ष-किरण निदानावर त्यांची पुस्तकं आली. कानामागचं हाड पाहण्यासाठी डोकं कोणत्या कोनात ठेवायचं, ती एक पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. शुलर ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना आपलं शहर सोडावं लागलं. मेलबर्नला जाऊन त्यांनी उतारवयात पुन्हा काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. मेंदूच्या क्ष-किरणशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात त्यांना स्वतःच्या गावात राहता आलं नाही. हे वाचताना मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवलं.

एक्स-रेची मर्यादा समजायला सोपी आहे. हाडात कॅल्शियम असतं, ते किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी हे तिघं किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात. त्यामुळे साध्या प्लेटीवर ते एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत. शिवाय प्लेट म्हणजे सावली. पुढचं, मागचं, मधलं सगळं एकावर एक पडतं.

मग जुन्या डॉक्टरांनी आडवाटेने आत डोकावायचा प्रयत्न केला. मेंदूच्या मध्यभागी पीनियल नावाची एक छोटी ग्रंथी असते. पुष्कळ मोठ्या माणसांत तिच्यात कॅल्शियम साचतं आणि ती प्लेटीवर ठिपक्यासारखी दिसते. हा ठिपका मध्यरेषेवरून सरकलेला दिसला की ते ओळखायचे, एका बाजूने काहीतरी ढकलतंय. पिट्युटरी ग्रंथीची गाठ वाढली की तिच्या खालची हाडाची खोबण रुंदावते, ती मोजायचे. म्हणजे मेंदू दिसत नव्हता, पण मेंदूने हाडावर सोडलेल्या खुणा ते वाचायचे. १९१८ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून चित्र घेतलं, कारण हवा प्लेटीवर काळी दिसते. रुग्णाचं डोकं त्याने भयंकर दुखायचं. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचं जाळं दाखवलं. इतकी धडपड कशासाठी? तर हाडाच्या पलीकडे बघण्यासाठी. साध्या प्लेटीला ते दिसत नाही हे त्यांना तेव्हाच पक्कं ठाऊक होतं.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं. यंत्र डोक्याभोवती फिरतं, अनेक कोनांतून मोजमाप घेतं आणि संगणक त्यातून एकेक काप उभा करतो. सावल्या एकावर एक पडायचं थांबतं. ताजं रक्त पांढरं दिसतं, जुनं करडं होत जातं. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. योगायोग असा की त्याच १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बेल आणि लूप या दोन डॉक्टरांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात, डोक्याला मार लागल्यावर केलेल्या कवटीच्या एक्स-रेचा उपयोग किती आणि व्यर्थता किती, याचा हिशेब मांडला होता. पुढे २००३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी डोक्याच्या दुखापतीत पहिली तपासणी म्हणून एक्स-रेच्या जागी सीटी आणला. कॅनडातल्या २००१ च्या नियमात तर ज्यांची शुद्ध थोडीशी हरपली किंवा ज्यांना घटना आठवत नाही, अशांत वय ६५ किंवा अधिक असेल तर तेवढ्यावरच धोका जास्त धरला आहे. अब्बा ७३ चे होते, त्यांना मधलं आठवत नव्हतं.

कारण साधं आहे. हाड मोडलेलं असेल तर आत इजा असण्याचा धोका वाढतो, हे खरं. पण हाड मोडलेलं नाही म्हणून आत इजा नाही, हे खरं नाही. वर्गात मी मुलांना वाक्य उलटं करून दाखवते: "पाऊस पडला तर रस्ता ओला होतो" याचा अर्थ "पाऊस नाही तर रस्ता कोरडा" असा होत नाही, टँकर फुटलेला असू शकतो. हे शिकवणारी मी, दवाखान्यात तेच उलटं वाक्य घेऊन बाहेर पडले.

प्रत्येक टेंगळाला सीटी करा, असं मी म्हणत नाही. सीटीत किरणांचा मारा जास्त असतो. कवटीच्या साध्या एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट, तर डोक्याच्या सीटीला सुमारे २. निसर्गातूनच आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिळत असतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर विचार करूनच सांगतात, आणि कधी कधी काही तास नजरेखाली ठेवणं हीच खरी तपासणी असते. कवटीचा एक्स-रेही टाकाऊ झालेला नाही. हाडाच्या मज्जेच्या एका कर्करोगात कवटीवर पंचने पाडल्यासारखी गोल भोकं दिसतात. थॅलेसेमियाच्या मुलांत कवटीवर उभ्या केसांसारख्या रेघा येतात. दात सरळ करणारे डॉक्टर बाजूने घेतलेल्या चित्रावर कोन मोजतात. लोखंडाचं काम करणाऱ्यांच्या डोळ्यात कण अडकला असेल तर एमआरआयच्या चुंबकाजवळ नेण्याआधी साधा एक्स-रे काढून बघतात. हाडाचा प्रश्न असेल तर हाडाची प्लेट उत्तर देते.

आपल्या घरांत, विशेषतः जिथे म्हातारी माणसं आहेत तिथे, एवढं लक्षात ठेवावं. मार लागल्यावर डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, माणूस नको तेवढा झोपाळला, एका बाजूचा हातपाय ढिला पडला, बोलणं अडखळलं, झटका आला, कानानाकातून पाणी आलं, किंवा नुसता "पहिल्यासारखा वाटत नाही" तरी थांबू नये. हे आठवड्यांनीही होऊ शकतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला लागलंय त्याला बोलू द्यावं. आपण प्रेमापोटी त्याच्या वतीने उत्तरं देतो. डॉक्टर ज्या उत्तरांवर निर्णय घेतात, ती आपली असतात, त्याची नसतात.

त्या तरुण डॉक्टरांवर मी बरेच दिवस चिडून होते. भाई तर जाऊन भांडणार होता. मग एका रात्री मी सगळं संभाषण आठवून वहीत लिहून काढलं, जसं आम्ही शाळेत संवादलेखन घेतो. त्यांची वाक्यं डावीकडे, माझी उजवीकडे. त्यांनी सीटीचं आणखी ठामपणे सांगायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण त्यांनी दोन प्रश्न बरोबर विचारले होते, आणि उजव्या रकान्यातली दोन्ही उत्तरं चुकीची होती. वही बंद केली. भाईला म्हणाले, राहू दे.

अब्बांना मी हे सांगितलं, ऑपरेशननंतर महिन्याभराने. "अब्बा, मी 'नाही' म्हणाले. विचारलं नाही तुम्हाला." ते खिडकीत बसून तीच प्लेट बघत होते, उलटीसुलटी करून. म्हणाले, "ह्यात मगज कुठंय?" मी म्हटलं, दिसत नाही. ते म्हणाले, "मग हे तर नुसतं भोपळ्याचं कवच झालं. भोपळा बाहेरनं बघून कुणी घेतो का? वाजवून बघावा लागतो." आणि हसले. माझ्या कबुलीला त्यांनी एवढंच उत्तर दिलं. माफ केलं असं म्हणाले नाहीत, त्यांना तसं काही वाटतच नव्हतं. ते माझ्याकडेच राहिलं.

उन्हाळ्यात ते पुन्हा कारखान्यात गेले. डाव्या हाताला थोडी कसर राहिली, पण रमजानच्या आधी त्यांनी एक जवारी लावली. जोडीदाराने फोन करून ऐकवलं. फोनमधून काय कळणार, पण मी ऐकत राहिले. त्यानंतर अब्बा पाच वर्षं जगले. गेले ते वेगळ्या आजाराने.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतला चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत जिन्यावरून पडला. आई कामावरून धावत आली, पदराला हात पुसत. म्हणाली, "मॅडम, डोक्याचा फोटो काढून आणते, मग टेन्शन नाही." मी तिच्याबरोबर रिक्षात बसले. डॉक्टरांनी विचारलं, बेशुद्ध झाला होता का? आई माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे.

मी खाली वाकून मुलाला म्हटलं, "तू सांग. पहिल्यापासून सांग."

तो सांगू लागला. कुणी ढकललं, किती पायऱ्या, आधी काय लागलं, मग कोण आलं, कुणी पाणी दिलं. सगळं आठवत होतं त्याला, नको तेवढं. डॉक्टरांनी तपासलं, चार तास बसवून ठेवलं आणि प्लेट न काढताच घरी पाठवलं. आईला मात्र चुकल्यासारखं वाटत होतं. "फोटो नाही काढला मॅडम?"

परतीच्या रिक्षात तिला मी अब्बांची गोष्ट सांगितली.